अर्धी अमरावती रांगतेय!

काय चाललंय काय हे? गावात कुणी विचारणारं उरलंय की नाही? साईनगरातले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त, दोन नातवंडांचे आजोबा, परवा भर दुपारी स्वतःच्याच हॉलमध्ये चार पायांवर रांगताना सापडले म्हणे. लुंगी वर खोचलेली, कान फरशीपासून वीतभर अंतरावर, आणि चेहऱ्यावर समाधी लागल्याचा भाव. बायकोला वाटलं, कवळी पडली. सुनेला वाटलं, झटका आला. नातवाला वाटलं, आज आबा घोडा होणार, आणि तो पाठीवर जाऊन बसलासुद्धा. तिकडे सोफ्यावर, आबांच्या नेहमीच्या जागी, जिथं नातवाला पाय ठेवायची परवानगी नाही तिथं, कोण विराजमान झालेलं? वूफर!

"मी बेस शोधून राह्यलो," असं त्यांनी खालूनच जाहीर केलं.

शिव शिव शिव!

आता आपल्याला यातलं काही कळत नाही, असं सोंग कुणी आणू नये. आपण बसतो त्या जागी वूफर ठेवायचा, त्यावर जड ठेक्याचं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत जायचं. ठेका जिथं फुगतही नाही आणि गायबही होत नाही, ती वूफरची जागा. मग वूफर तिथं आणि आपण सोफ्यावर. आवाजाला जाण्याची आणि येण्याची वाट एकच, एवढंच त्यामागचं गणित. जगभरचे ध्वनिवेडे ही युक्ती वर्षानुवर्षं करत आलेत आणि ती बिनतोड आहे, हेच तर खरं दुखणं! खोटी असती तर हसून सोडून दिली असती. खरी निघाली म्हणून अर्धी अमरावती रांगतेय, आणि उरलेली अर्धी दार लावून रांगतेय. अकोल्याचं तर नावच काढू नका. जठारपेठेत गुडघ्यांचे पट्टे एकाएकी का खपायला लागले, याचा मेडिकलवाल्याला अजून उलगडा झालेला नाही, असं ऐकतो.

बरं, हे खूळ आलं कुठून? आपण काय सिनेमा न पाहिलेली माणसं होतो? अमरावतीत चौकांची नावंसुद्धा टॉकीजवरून पडलेली. चित्रा चौक म्हणा, प्रभात चौक म्हणा, पत्ता सांगताना माणूस आजही टॉकीजच सांगतो. सिनेमाच्या धंद्यात या मुलखाला आजही 'सी. पी. बेरार' म्हणतात. तो प्रांत नकाशावरून पुसून पाऊणशे वर्षं झाली, वितरकांच्या वहीत मात्र ठणठणीत जिवंत! पण टॉकीजमध्ये आवाजाची चिंता आपली नव्हती. आपण शेंगदाणे खायचे, शिट्ट्या मारायच्या, आणि पडद्यामागचे भोंगे काय ते बघून घ्यायचे.

मग भाड्याचा व्हीसीआर आला, मग डेक आला, आणि तिथूनच घराण्यांचा ऱ्हास सुरू झाला. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ४४४० नंबरच्या आयसीवर जुळवलेला अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याचा स्पीकर कशात? मातीच्या माठात! ज्या माठातलं पाणी पिऊन बापानं उन्हाळे काढले, त्यात पोरानं स्पीकर बसवून तो माळ्यावर उपडा टांगला. त्यातून बेस मात्र असा घुमायचा की बापसुद्धा दोन दिवस रागावून तिसऱ्या दिवशी खाली खुर्ची टाकून बसायचा. कुणी आपल्या घरातलं नव्हतं असं करणारं? शपथ घ्या बरं!

आणि आता? आता पाच डबे, एक खोका आणि बिनव्याजी हप्ते. दिवाळी आली, कापसाचे पैसे हातात पडले, की निघाली स्वारी जयस्तंभ चौकाकडे. खोक्यावर काय छापलेलं असतं ते वाचलंय ना? दहा हजार वॅट! खाली बारीक अक्षरांत पीएमपीओ. अहो, आपण शेतकऱ्यांची पोरं, आपल्याला हिशेब येतो. ७४६ वॅटचा एक एचपी. म्हणजे दहा हजार वॅटचे झाले तेरा एचपीच्या वर. विहिरीवरचा पंप पाच एचपीचा. असे अडीच पंप या खोक्यात कोंबलेत म्हणायचे! पंपाला थ्री फेज लागते, डीपी जळली तर आठ दिवस फेऱ्या मारायच्या, आणि हे महाशय चालतात कशावर? टीव्हीमागच्या बोर्डावर, मोबाइलच्या चार्जरशेजारी, दोन पिनांच्या प्लगवर! सहा अँपिअरच्या त्या सॉकेटमधून २३० व्होल्टला चौदाशे वॅटसुद्धा पुरते निघत नाहीत. मग दहा हजार येतात कुठून, अंबादेवीच्या कृपेनं? पीएमपीओ मोजायचं ठरलेलं असं मापच नाही. ज्याला जो आकडा शोभेल तो त्यानं छापावा. खरा आकडा आरएमएसचा. तो बहुधा साठ, ऐंशी, शंभर, आणि खोक्याच्या अशा बाजूला की दुकानदाराचा अंगठा नेमका त्यावरच येतो.

त्यातही गंमत ऐका. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलनं, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे शेजाऱ्याच्या साठ वॅटवर कुरघोडी करायला आपण एकशेवीसचा आणला, तर कुरघोडी झाली हे फक्त हप्ते घेणाऱ्याला कळतं.

आणि एवढं करून ऐकू काय येतं? धाड. धूड. धडाम. 'बाहुबली' लावा, 'केजीएफ' लावा, 'आरआरआर' लावा, 'छावा' लावा. तलवार म्यानातून निघाली की शोकेसमधल्या कपबशा पुढं सरकतात, हत्ती धावला की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तोंड फिरवतो. पण तो काय बोलला? महाराज काय म्हणाले? राणीनं काय निरोप दिला? ते काही पोचलं नाही बुवा. आज वऱ्हाडातल्या दिवाणखान्यांत सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य कुठलं असेल तर ते हे:

"काय म्हनला तो?"

"मले काय माईत? हानामारी सुरू होऊ दे, मंग समजते."

ही काय सिनेमा बघायची रीत झाली? घरातला एक माणूस तर रिमोटलाच बांधलेला. बोलणं आलं की आवाज वर, मारामारी आली की खाली, गाणं लागलं की शेजारी दारात. काही घरांत खाली इंग्रजी पट्टी लावून मराठी सिनेमा बघतात. आपल्याच भाषेतला, आपल्याच माणसांचा सिनेमा, वाचून! हेही एकवेळ चाललं असतं, पण हॉलिवूडच्या नोलनसाहेबांचा 'इंटरस्टेलर' २०१४ साली आला तेव्हा संवाद ऐकू येत नाहीत म्हणून साऱ्या जगानं बोंब मारली होती, हा दाखला आमचे लोक अभिमानानं देतात. "आपलंच नाही, नोलनचंबी तसंच हाय." घ्या! आपला हॉल नोलनच्या पंगतीला बसला.

हे होतं कशापायी, ते कुणी विचारायचं नाही. सिनेमा मिसळतात तो मोठ्या थिएटरच्या हिशेबानं. तिथं एकेका स्पीकरचा कळसाचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, आणि गडगडाटासाठी जी वेगळी वाट ठेवलेली असते तिचा तर ११५ पर्यंत. बोलणं त्याच्या कितीतरी खाली, शांतपणे. आता हा सगळा पसारा आपण आणला दहा बाय बाराच्या खोलीत. स्फोट सोसेना म्हणून आवाज उतरवला, तर बोलणंही तेवढंच खाली उतरलं आणि बुडालं. ते ऐकू यावं म्हणून चढवला, तर पुढच्याच मिनिटाला पूल उडाला आणि खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले. इकडे आड, तिकडे विहीर, मधे आपण हातात रिमोट घेऊन.

बरं, ५.१ मध्ये, म्हणजे या पाच डबे आणि एका वूफरच्या मांडणीत, बोलण्याचा जवळजवळ सगळा भार एकट्या मधल्या स्पीकरवर असतो. ज्याला सेंटर म्हणतात, तो. आणि या कर्त्या पुरुषाला आपण ठेवतो कुठं? शोकेसच्या खालच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमशेजारी, अंगावर क्रोशाचा रुमाल टाकून! "धूळ बसते ना बाई." बसते खरी. मग बिचारा नायक रुमालाआडून बोलतो, आणि आपण म्हणतो आजकालचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. उरले मागचे दोन सराउंड. ते बसणाऱ्याच्या बाजूला किंवा जरा मागे, कानाच्या उंचीवर किंवा थोडे वर हवेत. आपल्याकडे त्यातला एक गॅलरीच्या दारावर आणि दुसरा फ्रिजवर. हेलिकॉप्टर गॅलरीतून निघतं आणि फ्रिजमध्ये उतरतं.

तरी यात एक चोरी आहे. स्वस्तातल्या कितीतरी संचांना मागून जाते फक्त लाल-पांढऱ्या पिनांची जोडी. दोन पिना म्हणजे दोनच वाटा. त्या दोघींचंच पाणी पाच डब्यांत वाटून आपल्याला सराउंड म्हणून पाजतात. खरं ५.१ हवं तर टीव्हीतून ऑप्टिकल किंवा एचडीएमआयच्या एआरसी वाटेनं ते निघायला हवं, टीव्हीच्या सेटिंगात आवाज पीसीएमवरून हलवायला हवा, आणि पलीकडे ते उलगडणारा डीकोडर हवा. नसेल तर मागचे डबे काढून ठेवा आणि पुढचेच नीट लावा, असं जाणकार सांगतात. काढून ठेवायचे? पाचाचे पैसे दिलेत ना आपण!

खोक्यावर डॉल्बीचा स्टिकर असला म्हणजे तर विचारायलाच नको. या रे डॉल्बी नावाचे गृहस्थ १९६३ ते ६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्या देशात, चंडीगडला होते. तिथून लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली आणि पहिलं काम केलं ते टेपवरची खरखर कमी करायचं. कमी करायचं बरं का! त्यांचा स्टिकर आपण दहा हजार वॅटच्या खोक्यावर कुंकवासारखा मिरवतो. ते गेले २०१३ मध्ये. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती पाहायची वेळ त्यांच्यावर आली नाही, हे बरंच झालं.

आणि आता मुख्य आरोपी. कूलर!

मुंबई-पुण्याच्या लोकांनी होमथिएटरवर कितीही पांडित्य करावं, त्यांच्या खिडकीत आपला कूलर नाही. लोखंडी पत्र्याचा, तिन्ही बाजूंनी ताट्या लावलेला, पंप खोकलणारा, पंखा जाळीला घासणारा. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावायची वेळ आली होती, आठवतं ना? सरकार म्हणालं, उन्हात गर्दी करू नका. आपण म्हटलं, बरोबर आहे, सगळे घरातच होमथिएटरपुढं गर्दी करतो. आता हा कूलर काय करतो? त्याचा घरघराट बारीक-मोठ्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. वूफरची धमधम त्याला ढकलून पुढं येते. पण बोलण्यातले 'स', 'श', 'च', 'त' यांचा जीव केवढा? या आवाजांची ओळख पटते ती दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर, आणि त्यांच्या अंगात ताकद अगदीच कमी. स्वर तेवढे पोचतात, व्यंजनं कूलर गिळतो. नायिका नवऱ्याला 'माफ कर' म्हणाली की 'साफ कर', याचा निकाल एका घरात अजून लागलेला नाही. सासूबाईंनी 'साफ कर' असंच धरलं आणि "बरोबर बोलली पोरगी" म्हणून शेराही मारला.

यावर साध्या माणसानं काय केलं असतं? कूलर खिडकीबाहेर स्टँडवर सरकवला असता, पंखा एका खुणेनं कमी केला असता, त्याचं तोंड आणि आपला सोफा यांत जरा अंतर ठेवलं असतं. पण आपल्यात साधी माणसं उरलीत कुठं? आता एक नवा पंथ निघालाय. धमधमवाल्यांचा पंथ तुम्हाला माहीत आहे. तो बिचारा निदान आनंदी असतो. हा समतोलवाल्यांचा पंथ. हे लोक बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना कूलर बंद करून सिनेमा बघतात! बनियनवर, ओले पंचे खांद्यावर टाकून, घामाच्या धारा पुसत. "पाह्य, श्वास आयकू येते का नाही त्याचा?" येतो ना. बाहेरचा डॉक्टरही त्यांचा श्वास ऐकायला लवकरच येईल.

आणि बाटग्यांची बांग मोठी म्हणतात ते काही खोटं नाही. कालपर्यंत ज्यानं रिक्षाच्या सीटखाली बारा इंची वूफर ठेवून राजापेठेतून फेऱ्या मारल्या, तोच आज सांगतो, "बेस जेवणातल्या मिठाएवढा पाह्यजे, भौ." अशा माणसाला घरी बोलावून बघा. पाण्याचा पेला हाती घेण्याआधी तो खोलीच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवतो. एकच, खणखणीत. मग डोळे मिटून टाळीची शेपटी ऐकतो. "तुमची खोली लय बोंबलते." अहो, आमची तीस वर्षांची खोली! या फरशीवर पोरांची बारशी झाली, या भिंतींनी कधी उलट शब्द केला नाही, आणि हा म्हणतो बोंबलते! पण वाईट म्हणजे तुम्हीही तो गेल्यावर टाळी वाजवून बघता. आणि ती बोंबलतेच. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेची शोकेस. आवाज आदळत राहणार नाही तर काय करेल?

मग सुरू होते भिंती झाकायची मोहीम. कुणी ऑनलाइन काळा फोम मागवतो, टोकाटोकांचा, हॉलची पार तुरुंगाची कोठडी करून टाकणारा. आणि कुणी (कानावर हात ठेवा!) अंड्यांचे ट्रे लावतो. गळ्यात माळ, दर एकादशीला उपास, आणि हॉलच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे! वारीतली माणसं घरी येतात, वर बघतात, चहा न घेता निघून जातात. धर्म बुडाला तो बुडाला, आवाजही सुधारला नाही, कारण त्या पातळ पुठ्ठ्याला आवाज फारसा शोषताच येत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

अरे, ज्या मुलखाचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ओमरा' म्हणून, म्हणजे आपल्या उमरावतीच्या नावानं विकला जायचा, त्यानं आवाज शोषायला फोम विकत आणायचा? लाज नाही वाटत? हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन नावाच्या प्राध्यापकानं १८९५ च्या सुमारास काय केलं होतं? एका व्याख्यानाच्या दालनात शब्दावर शब्द चढत होता, कुणाला काही कळत नव्हतं. या बाबानं शेजारच्या नाटकगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक गादी वाढवत नेली, घुमारा किती वेळ टिकतो ते घड्याळावर मोजलं, आणि सकाळी गाद्या परत जागच्या जागी. सभागृहांचं अख्खं शास्त्र त्या गाद्यांवर उभं राहिलं. आणि आपल्या घरात गाद्यांची काय कमी आहे? पाहुण्यांसाठी म्हणून भरून ठेवलेल्या, पाहुणे येतात तेव्हा न निघणाऱ्या! दिवाणाच्या पोटातली एक गादी सोफ्यामागच्या भिंतीला उभी केली, जमिनीवर सतरंजी टाकली, खिडकीला जाड पडदा ओढला, की निम्मी बोंब तिथंच बसते. आजीची गोधडी तर फोमवाल्याला पाणी पाजते. फक्त आजीला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. एका घरात आजीनं विचारलं, "माही वाकय भितीले काहून टांगली?" उत्तर मिळालं, "रिफ्लेक्शन मारून राह्यलो, आजी." त्या दिवसापासून आजी नातवाची दृष्ट काढते.

गादीनं मात्र वूफर वठणीवर येत नाही, हे धमधमवाल्यांनी लक्षात घ्यावं. जड आवाजाच्या लाटा लांब असतात, ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची. ती गादीला काय जुमानते? उलट दहा बाय बाराची खोली आपण होऊनच ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास घुमते. त्यात आपण वूफर ठेवतो कोपऱ्यात, कारण झाडू मारायला बरं पडतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! कोपरा सगळे घुमारे एकदम जागे करतो. एक सूर भोपळ्याएवढा, दुसरा गायब, आणि मालक छातीवर हात ठेवून म्हणतो, "इथं लागते." तिथं लागायला नकोच आहे बाबा, कानाला लागायला हवं. म्हणून तर ते रांगणं.

जागेचे तंटे वेगळेच. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून लोकांनी गिनेसमध्ये नाव घातलं. त्याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना शेकडो घरं अशी आहेत की जिथं सेंटर स्पीकर शोकेसमधून काढून टीव्हीखाली कानाच्या रेषेत आणायचा की नाही, याचा निकाल तीन-तीन महिने लागत नाही. मधे फुलदाणी आहे. फुलदाणी माहेरची आहे. रस्ता करणं सोपं.

रात्रीची कथा तर याहून खमंग. दहा वाजले, कायदा आठवला. २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलीय. आपण सज्जन, लगेच आवाज कमी करतो. आणि इथं निसर्ग दगा देतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून ठेवलंय की आवाज उतरला की माणसाच्या कानातून सगळ्यात आधी जड सूर निसटतात. म्हणजे बेस गेल्यासारखा वाटतो. मग आपण काय करतो? बेसचं बटण वर! आता भिंतीतून पलीकडे काय जातं? बारीक आवाज भिंत अडवते, जड आवाज बिनदिक्कत जातो. परिणामी मालकाला वाटतं काही लागतच नाहीये, आणि शेजाऱ्याच्या उशीखाली लढाई पेटलेली. रिमोटवर किंवा टीव्हीच्या सेटिंगात 'नाइट' म्हणून एक सोय बऱ्याच ठिकाणी असते. मोठा आवाज दाबते, क्षीण आवाज उचलते, म्हणजे आपल्याला हवं तेच करते. आपण आजवर ते बटण का दाबलं नाही? वाटलं, पडदा काळा होईल.

आणि 'सैराट'! २०१६ चा तो सिनेमा कशासाठी डाउनलोड करून ठेवलाय, सांगा. कथेसाठी? जातीच्या प्रश्नासाठी? 'झिंगाट'साठी, वूफर तपासायला! संगीतासाठी मंडळी हॉलिवूडपर्यंत गेली, अख्खा वाद्यवृंद बसवला, आणि आपण त्यातलं ऐकतो काय तर ठेका. पण खरी मजा शेवटाला. तिथं दिग्दर्शकानं आवाजच काढून घेतलाय. काळीज फाटायची वेळ, आणि किती घरांत त्याच क्षणी कुणीतरी उठून टीव्हीमागची पिन हलवायला गेलं, बोला! "वायर लूज झाली वाट्टे." या मातीत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन, समोरच्यालाच प्रश्न विचारत कीर्तन करून गेले, तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणून गेले. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा, आणि लोक त्याला उत्तर द्यायचे. आज दहा फुटांवरचा शब्द पोचत नाही, आणि आपण पिना हलवतो.

तर अशी ही अनागोंदी. आणि आपण मात्र गिलावडा खात खात, नाकाला पदर लावून बघणारे, नाही का? आपला काय संबंध! मग तुमच्या हॉलमधल्या भिंतीवर एकाएकी हातमागाचं शोभेचं कापड कुठून आलं? त्यामागं गादी आहे हे आम्हाला दिसत नाही का? मोबाइलमध्ये डेसिबल मोजायचं अ‍ॅप कुणाचं? टेपनं सोफ्यापासून सेंटरचं अंतर कोण मोजत होतं, आणि कुणी पाहिल्यावर "पडद्याचं माप घेतोय" असं कोण म्हणालं? परवा एका लग्नात, मंगल कार्यालयात अक्षता पडायच्या आधी, टाळी वाजवून कान देताना तुम्हाला चौघांनी पाहिलंय. नवरीच्या मामांनीसुद्धा. आणि ते तुमच्याकडे बघून हळूच म्हणाले, "घुमते ना?"

आता बुडायचंच आहे तर नीट तरी बुडा. बेसचं बटण निम्म्याच्या खाली आणा. सेंटरवरचा रुमाल काढा, त्याला टीव्हीखाली काठाशी आणून तोंड कानाकडे वर करा, आणि त्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा दोन खुणा जास्त ठेवा. वूफर कोपऱ्यातून हातभर तरी बाहेर. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका. सतरंजी, पडदा, एक गादी. यात पैसा एक लागत नाही. आठवड्याभरात तुमच्या घरातलं बोलणं टॉकीजच्या तोडीचं साफ ऐकू येईल, आणि शेजारी किंमत विचारायला येतील. गादीचं नाव चुकूनही काढू नका. चाळीस हजार सांगा.